जागतिक संस्था सुधारता येतात, पण मागणी कोणाकडे करायची?

जगात कुठे युद्ध भडकले आणि सुरक्षा परिषदेत एखाद्या ठरावावर कोणा स्थायी सदस्याने नकाराधिकार, म्हणजे एकट्याच्या विरोधाने ठराव रोखण्याचा अधिकार, वापरला की, संयुक्त राष्ट्रांविषयी एक ठरावीक वाद सुरू होतो. एका बाजूचे म्हणणे असे की, ही संस्था कालबाह्य झाली असून ती आता गुंडाळून टाकावी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, संस्था मुळात चांगली आहे, फक्त तिथे निर्णय घेणाऱ्यांत आजचे जग दिसत नाही. आणखी काही देशांना स्थायी सदस्यत्व दिले की प्रश्न सुटेल. युक्रेनवरील आक्रमणानंतर हा वाद झाला, गाझातील युद्धाच्या काळात तो पुन्हा झाला, आणि दोन्ही वेळी तो जिथे सुरू झाला तिथेच संपला. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिका एकाच समजुतीवर उभ्या आहेत, हे त्याचे कारण आहे. सुधारणा म्हणजे सनदेत, म्हणजे संस्थेच्या स्थापना करारात, एका दिवशी होणारा एक मोठा बदल आणि तो होणे न होणे अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच बड्या राष्ट्रांच्या मर्जीवर, ही ती समजूत. एकदा ती स्वीकारली की सामान्य नागरिकाला करण्यासारखे काही उरत नाही. त्याने संतापावे किंवा वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती राहते.

ही समजूत इतिहासाला धरून नाही, असे माझे मत आहे. आंतरराष्ट्रीय संस्था बदलत आल्या आहेत. कधी सनदेत दुरुस्ती होऊन, आणि त्याहून अधिक वेळा सनदेच्या एका अक्षरालाही हात न लावता. त्या पुरेशा बदलत नाहीत याचे मोठे कारण असे की, तिथली मते आपापल्या देशांची सरकारे देतात आणि ती कशी दिली याचा हिशेब कोणत्याही देशातील जनता आपल्या सरकारकडे जवळजवळ कधीच मागत नाही. लोकांना या संस्था नकोशा झाल्या आहेत, असे मात्र म्हणता येत नाही. २०२० मध्ये, स्थापनेच्या पंचाहत्तराव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांनी जगभर मते मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी ८७ टक्के लोकांनी आजचे प्रश्न सोडवण्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य अत्यावश्यक असल्याचे सांगितले. अशा पाहणीला मर्यादा असतात. सहकार्य हवे का, या प्रश्नाला होय म्हणायला कोणाचे काही जात नाही. पण नेमकी हीच अडचण आहे. सदिच्छा भरपूर आहे, आणि तिचे मागणीत रूपांतर होत नाही, कारण मागणी कोणाकडे करायची हेच वादात कधी ठरत नाही. 'संयुक्त राष्ट्रे अपयशी ठरली' असे आपण म्हणतो तेव्हा सरकारांपासून वेगळी, स्वतःच्या मनाने चालणारी कोणी सत्ता न्यूयॉर्कमध्ये बसलेली आहे, असे गृहीत धरतो. तशी सत्ता तिथे नाही.

सुधारणा अशक्य मानणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा सनदेतच आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. कलम १०८ नुसार कोणतीही दुरुस्ती सर्व सदस्य देशांच्या आमसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांनी संमत करावी लागते आणि मग दोन तृतीयांश सदस्य देशांनी आपापल्या घटनात्मक पद्धतीने तिला मान्यता द्यावी लागते. या मान्यता देणाऱ्यांत सुरक्षा परिषदेचे पाचही स्थायी सदस्य असलेच पाहिजेत. म्हणजे नकाराधिकार काढून घेण्याच्या प्रस्तावालाही नकाराधिकार रोखू शकतो. कलम १०९ मध्ये सनदेच्या फेरविचारासाठी परिषद बोलावण्याची सोय आहे आणि दहा वर्षांत अशी परिषद झाली नाही तर हा विषय आमसभेपुढे यावा, असेही तिथे लिहिले आहे. १९५५ मध्ये तो आला, अनुकूल परिस्थितीत परिषद घ्यावी असे तत्त्वतः ठरले, आणि ती परिषद आजवर भरलेली नाही. सुरक्षा परिषदेच्या विस्तारासाठी आमसभेने १९९३ मध्ये कार्यगट नेमला. २००५ मध्ये भारत, ब्राझील, जर्मनी आणि जपान यांनी मांडलेला आराखडा मतदानापर्यंतही पोहोचला नाही. २००९ पासून आंतरसरकारी वाटाघाटी चालू आहेत. हा इतिहास समोर ठेवून कोणी निराश झाले तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु याच कलम १०८ ने १९६३ मध्येही रस्ता अडवलेला होता. त्या वर्षी सुरक्षा परिषदेत अकरा सदस्य होते, पाच स्थायी आणि सहा अस्थायी. ही रचना ५१ सदस्यांच्या संघटनेसाठी केलेली होती. १९६३ च्या अखेरीस सदस्यसंख्या ११३ झाली होती. एकट्या १९६० मध्ये १७ नवे देश आले आणि त्यांतले १६ आफ्रिकेतले होते. या नव्या देशांनी अस्थायी जागा सहावरून दहा कराव्यात, असा ठराव आमसभेत आणला. १७ डिसेंबर १९६३ रोजी तो ९७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने विरोधी मत दिले, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. पाच स्थायी सदस्यांपैकी अनुकूल मत फक्त चीनचे होते, आणि ती जागा तेव्हा तैवानमधील तैपेईच्या सरकारकडे होती. आज असे मतदान झाले तर आपण काय म्हणू? ठराव मेला, असेच म्हणू. प्रत्यक्षात ३१ ऑगस्ट १९६५ पर्यंत पाचही राष्ट्रांनी त्या दुरुस्तीला मान्यता दिलेली होती आणि परिषद पंधरा सदस्यांची झाली. दोन वर्षांपेक्षा कमी काळात हा पालट कसा झाला? नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची मैत्री शीतयुद्धात दोन्ही गटांना हवी होती. त्या सगळ्यांच्या मागणीला एकट्याने नाही म्हणणारा देश म्हणून ओळखले जाणे, हे चार जागा वाढण्यापेक्षा कितीतरी महाग पडणार होते. कायद्याने दिलेला नकाराचा अधिकार शाबूत होता. तो वापरणे परवडणारे राहिले नव्हते.

यावर असे उत्तर येईल की, त्या दुरुस्तीने स्थायी जागांना आणि नकाराधिकाराला धक्का लागला नाही, म्हणूनच ती झाली. हे खरे आहे. विशेषाधिकार असलेला कोणीही आपला अधिकार उदारपणे सोडून देत नाही. पण विशेषाधिकार सुटतात कसे, हे पाहण्यासाठी ब्रिटनच्या संसदेचे उदाहरण उपयोगी आहे. १८३२ पूर्वी ओल्ड सारम या जवळजवळ निर्मनुष्य जागेतून दोन खासदार निवडून जात, आणि मँचेस्टरसारख्या मोठ्या औद्योगिक शहराला स्वतःचा एकही खासदार नव्हता. ही व्यवस्था बदलण्यासाठी तिच्यातूनच निवडून आलेल्यांची आणि वंशपरंपरेने बसलेल्या उमरावांची संमती लागत होती. उमरावांच्या सभागृहाने १८३१ मध्ये विधेयक फेटाळले. देशभर क्षोभ उसळला, सरकारने राजीनाम्याचे पाऊल उचलले, आणि विधेयक मंजूर होईल इतके नवे उमराव नेमण्याची तयारी राजाला दाखवावी लागली, तेव्हा विरोधकांपैकी अनेकांनी मतदानाच्या वेळी सभागृहात न येणे पसंत केले. पाच स्थायी सदस्यांच्या वर कोणी राजा नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी लपवत नाही. तरी मतपरिवर्तन न होताही माणसे आडवी येण्याचे सोडून बाजूला होतात, एवढे यातून दिसते. त्यासाठी बाहेर लोकांचा रेटा असावा लागतो, आणि मागणी अमुक एका विधेयकाची असावी लागते. १८३२ मध्ये लोक 'संसद निरुपयोगी आहे' असे म्हणून घरी बसले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नकाराधिकार अन्यायकारक असला तरी त्याच्यामुळेच बडी राष्ट्रे संघटनेत टिकून आहेत. तो काढला तर ती बाहेर पडतील आणि संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाची गत पुन्हा होईल, असे हा आक्षेप सांगतो. राष्ट्रसंघात अमेरिका कधी आलीच नाही, चीनमधील मांचुरियाच्या प्रश्नावरून जपानने १९३३ मध्ये सदस्यत्व सोडण्याचे जाहीर केले, अॅबिसिनियावरील (आजच्या इथिओपियावरील) आक्रमणाच्या वेळी घातलेले निर्बंध इटलीला थांबवू शकले नाहीत, आणि डिसेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाला काढून टाकले तोवर दुसरे महायुद्ध सुरू झालेले होते. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सनद परिषदेत ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री एव्हॅट यांनी छोट्या देशांच्या वतीने नकाराधिकाराला कडवा विरोध केला, तेव्हा अमेरिकी शिष्टमंडळातील सिनेटर कॉनली यांनी मसुद्याची प्रत फाडून दाखवली आणि नकाराधिकार नाही तर सनदही नाही, हे स्पष्ट केले. तो इशारा पोकळ नव्हता. अण्वस्त्रधारी राष्ट्राविरुद्ध बहुमताने लष्करी कारवाई ठरवणारी परिषद ही शांततेची हमी ठरणार नाही, हेही मला मान्य आहे.

पण या युक्तिवादाने सिद्ध किती होते? एखाद्या बड्या राष्ट्रावर त्याच्या मनाविरुद्ध सक्तीची कारवाई लादता येऊ नये, एवढेच. आज नकाराधिकार चालतो तो याच्या कितीतरी पलीकडे. सरचिटणीस कोण व्हावा, नवा देश सदस्य व्हावा की नाही, युद्धात अडकलेल्यांपर्यंत मदत कोणत्या वाटेने न्यावी, या सगळ्यावर तो चालतो. १९९६ मध्ये तत्कालीन सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांच्या दुसऱ्या मुदतीला परिषदेतील पंधरांपैकी चौदा सदस्यांचा पाठिंबा होता आणि एकट्या अमेरिकेच्या विरोधामुळे ती मिळाली नाही. अमेरिका संघटना सोडून जाऊ नये म्हणून हा अधिकार आवश्यक होता, असे कोण म्हणेल? शिवाय सनदेच्या कलम २७ मध्येच असे लिहिले आहे की, वादाच्या शांततामय निराकरणासंबंधीच्या ठरावांवर त्या वादातील पक्षाने मतदान करू नये. म्हणजे स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व १९४५ मध्येच मान्य झालेले आहे. गेली अनेक दशके ही तरतूद कागदावर पडून आहे, आणि ती पाळली जावी असा आग्रह धरण्यासाठी कोणत्याही दुरुस्तीची गरज नाही.

प्रत्येकाला नकार देण्याचा अधिकार असलेल्या व्यवस्थेचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पोलंडच्या जुन्या संसदेचे आहे. तिथे कोणत्याही एका प्रतिनिधीने हरकत घेतली तर तो ठराव तर बारगळेच, पण अख्खे अधिवेशन मोडून त्यात आधी संमत झालेले निर्णयही रद्द होत. १६५२ मध्ये या अधिकाराने पहिल्यांदा अधिवेशन मोडले गेले. राजा तिसऱ्या ऑगस्टसच्या सुमारे तीस वर्षांच्या राजवटीत एकच अधिवेशन कामकाज पूर्ण करून संपले. हा अधिकार जपणारे सरदार मूर्ख नव्हते. राजाच्या जुलमापासून आणि बहुमताच्या दडपशाहीपासून तो आपले संरक्षण करतो, असे त्यांना मनापासून वाटत होते आणि त्याला ते आपले सुवर्णस्वातंत्र्य म्हणत. मात्र त्यांच्याहून अधिक काळजीने तो जपला तो शेजाऱ्यांनी. १७६४ च्या करारात रशिया आणि प्रशिया यांनी पोलंडची ही घटना जशीच्या तशी टिकवण्याचे एकमेकांना वचन दिले होते, कारण पंगू पोलंड दोघांच्याही सोयीचा होता. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने हा अधिकार रद्द केला, तोवर शेजाऱ्यांनी केलेली पोलंडची पहिली फाळणी होऊन गेली होती. १७९३ मध्ये दुसरी झाली आणि १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून नाहीसा झाला. संयुक्त राष्ट्रे हे राज्य नव्हे, त्यामुळे साम्य एका मर्यादेपर्यंतच ताणता येते. पण निर्णय न होण्यातून कोणाचा लाभ होतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. आणि सुधारणा पटण्यात विलंब झाला तर ती होऊनही उपयोग राहत नाही, हेही.

आता सनदेला हात न लावता झालेल्या बदलांकडे येतो, कारण वादात त्यांचा उल्लेख फारसा होत नाही. सनदेत स्थायी सदस्यांची होकारार्थी मते आवश्यक मानली आहेत. शब्दशः वाचले तर तटस्थ राहणे हाही नकारच ठरला असता. परंतु परिषदेने सुरुवातीपासून तटस्थतेला नकार न मानण्याचा प्रघात पाडला आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबियाविषयीच्या सल्लामतात तो ग्राह्य धरला. ज्या शांतिसेनेमुळे संयुक्त राष्ट्रे जगाला ओळखीची आहेत, तिचा सनदेत उल्लेखही नाही. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटन आणि फ्रान्सच्या नकाराधिकाराने सुरक्षा परिषद ठप्प झाली होती. तेव्हा १९५० च्या 'शांततेसाठी एकजूट' ठरावाच्या आधारे विषय आमसभेकडे गेला आणि आमसभेने पहिली आपत्कालीन शांतिसेना उभी केली. ही सगळी वाट चालता चालता झालेली आहे.

याच मालिकेत २६ एप्रिल २०२२ चा ठराव येतो. लिश्टेनस्टाइन या अगदी छोट्या देशाच्या पुढाकाराने आमसभेने एकमताने ठरवले की, यापुढे कोणत्याही स्थायी सदस्याने नकाराधिकार वापरला तर दहा कामकाजी दिवसांच्या आत आमसभेची बैठक भरेल आणि त्यावर चर्चा होईल. यावर टीका होते की, चर्चेने रणगाडे थांबत नाहीत. थांबत नाहीत, हे उघड आहे. परंतु नकाराधिकाराचा ठरल्या वेळी, ठरल्या जागी जाब विचारला जाईल, अशी सोय तोवर कुठेच नव्हती. सामूहिक हत्याकांडाच्या प्रसंगी नकाराधिकार वापरणार नाही, अशी स्वेच्छेची मर्यादा स्थायी सदस्यांनी पाळावी, असा फ्रान्स आणि मेक्सिकोचा प्रस्ताव आहे आणि शंभराहून अधिक देशांनी त्याला पाठिंबा दिला आहे. आपला देश त्या यादीत आहे की नाही, नसेल तर का नाही, हा प्रश्न किती देशांच्या संसदेत विचारला गेला? किती मतदारांनी तो आपल्या प्रतिनिधीला विचारला? संयुक्त राष्ट्रे निष्क्रिय आहेत, हे वाक्य मात्र प्रत्येक देशात रोज उच्चारले जाते.

जागांच्या प्रश्नाविषयी माझे मत अनेकांना रुचणार नाही. आजची रचना अन्यायाची आहे, यात शंका नाही. १९३ सदस्यांपैकी ५४ आफ्रिकेतले आहेत, परिषदेच्या कामाचा मोठा हिस्सा त्याच खंडाशी संबंधित असतो, आणि तिथल्या एकाही देशाला स्थायी जागा नाही. दक्षिण अमेरिकेची स्थिती तीच आहे. आफ्रिकी संघाने २००५ मध्ये घेतलेली भूमिका अशी की, तत्त्वतः नकाराधिकार नसावा, पण तो असेल तोवर आफ्रिकेच्या स्थायी सदस्यांनाही तो मिळावा. न्यायाच्या दृष्टीने या युक्तिवादाला उत्तर देणे अवघड आहे. तरीही पाच नकारांनी अडलेली परिषद अकरा नकारांनी चालू लागेल, असे मानण्याला कोणताही आधार नाही. २००५ च्या चार देशांच्या आराखड्यातच नव्या स्थायी सदस्यांनी पंधरा वर्षे नकाराधिकार वापरू नये, असे सुचवले होते, म्हणजे मागणी करणाऱ्यांनाही ही अडचण दिसत होती. प्रतिनिधित्व वाढायला हवे, दीर्घ मुदतीच्या आणि फेरनिवडणुकीच्या जागा निर्माण व्हायला हव्यात. नकाराधिकाराची नवी वाटणी मात्र सुधारणा नव्हे. दुःख याचे आहे की, इच्छुक देशांतील जनतेचा सुधारणेविषयीचा सगळा उत्साह आपल्या देशाच्या खुर्चीत गुंतून पडतो आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी देशांतील जनतेचा उत्साह ती खुर्ची मिळू न देण्यात खर्च होतो. तिथे बसणाऱ्यावर कोणती बंधने असावीत, हे विचारायला मग कोणी शिल्लक राहत नाही.

'जुने मोडा आणि नवे बांधा' म्हणणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे उदाहरण नीट पाहावे. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स इथे ४४ देशांनी मिळून घडवलेल्या या संस्थेत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मतभार (देशाच्या आर्थिक वाट्यानुसार मोजलेली मते) लागतो आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतभार आहे. तिच्या मर्जीविरुद्ध असा निर्णय होऊच शकत नाही. उगवत्या अर्थव्यवस्थांचा वाटा वाढवणारी सुधारणा डिसेंबर २०१० मध्ये ठरली, परंतु अमेरिकी काँग्रेसने ती डिसेंबर २०१५ पर्यंत अडवून ठेवली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती अमलात आली. पाच वर्षे जगभरातून नाणेनिधीवर टीका होत राहिली. अडथळा मात्र एका देशाच्या विधिमंडळात होता आणि तिथल्या मतदारांपैकी फारच थोड्यांना त्याची कल्पना असेल. याच सुमारास चीनच्या पुढाकाराने आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक उभी राहिली. तिथे महत्त्वाच्या निर्णयांना ७५ टक्के मतभार लागतो आणि चीनकडे पंचवीस टक्क्यांहून अधिक मते आहेत. जो दोष असह्य झाला म्हणून नवी संस्था हवी होती, तोच दोष नव्या संस्थेत पायापासून आला. सत्ता ज्यांच्याकडे असते ते नियम लिहितात, आणि नव्या जागी नव्याने लिहिताना ते अधिक उदार होतात, असे दिसत नाही.

नव्याने बांधणीची संधी जगाला एकदा मिळाली होती, १९४५ मध्ये, आणि तिच्यासाठी मोजलेली किंमत कोट्यवधी माणसांच्या प्राणांची होती. मोडण्याची भाषा करणाऱ्यांनी ही किंमत गृहीत धरली आहे का? त्या वेळीही सगळे काही शून्यातून उभे राहिले नाही. राष्ट्रसंघाच्या आर्थिक आणि सामाजिक कामाची फेररचना सुचवणारा एक अहवाल ऑस्ट्रेलियाच्या स्टॅन्ली ब्रूस यांच्या समितीने ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, दिला होता. राष्ट्रसंघाला त्याचा काही उपयोग झाला नाही, पण त्यातील कल्पना पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेत उतरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना तर राष्ट्रसंघ विसर्जित झाल्यावरही टिकली.

सार्वभौमत्वाचा आक्षेप थोडक्यात पाहू. न निवडलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती अधिक सत्ता जाऊ नये, ही भीती लोकशाही मानणाऱ्या माणसाला वाटणे योग्य आहे. परंतु मी म्हणतो त्या बहुतेक सुधारणा अधिकाऱ्यांची सत्ता वाढवणाऱ्या नाहीत. सरकारे बंद दाराआड जे करतात ते उघड्यावर आणणाऱ्या आहेत. निर्णय अपारदर्शक राहिल्याने कोणत्याही देशाचे सार्वभौमत्व वाढत नाही.

काही सुधारणा इतक्या रुक्ष असतात की, त्यांच्याविषयी कोणी मोर्चा काढणार नाही, आणि तरी त्याच निर्णायक असतात. जागतिक आरोग्य संघटना श्रीमंत देणगीदारांच्या तालावर चालते, असा आरोप करोनाच्या साथीत सर्वत्र झाला. त्यामागचे कारण तिच्या जमाखर्चात आहे. सदस्य देशांची बंधनकारक वर्गणी तिच्या अंदाजपत्रकाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी राहिली होती. उरलेला पैसा ऐच्छिक, आणि त्यातला बराचसा अमुक कामासाठीच वापरण्याच्या अटीवर दिलेला. ज्या संघटनेने १९८० मध्ये देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले, तिला आपले प्राधान्यक्रम ठरवण्यापुरताही मोकळा पैसा मिळत नव्हता. मे २०२२ मध्ये सदस्य देशांनी ही वर्गणी टप्प्याटप्प्याने मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत नेण्याचे ठरवले. संघटनेच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे असे मला वाटते, आणि ज्या देशांनी तो घेतला त्यांच्या नागरिकांपैकी किती जणांनी त्याविषयी ऐकले असेल? वर्गणी वाढवण्याची वेळ येईल तेव्हा एखादे सरकार हात आखडता घेईल आणि त्याला कोणी टोकणार नाही, अशी मला खरी काळजी आहे.

उलट बाजूचे उदाहरण जागतिक व्यापार संघटनेचे आहे. व्यापारी वादांत अंतिम निवाडा देणाऱ्या तिच्या अपील मंडळाविषयी अमेरिकेच्या तक्रारी निराधार नव्हत्या. मंडळ मुदती पाळत नाही आणि अधिकारकक्षा ओलांडते, असे इतरही काही देशांना वाटत होते. पण अमेरिकेने मंडळावरील नेमणुका रोखून धरल्या आणि तक्रारी दूर होण्यासाठी नेमके काय हवे, हे कधी स्पष्ट सांगितले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गणसंख्येअभावी मंडळ बंद पडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये, देशोदेशींच्या टपालाचे नियम ठरवणाऱ्या जागतिक टपाल संघटनेतून बाहेर पडण्याची धमकीही अमेरिकेनेच दिली होती, मात्र तिथे मागणी निश्चित होती: परदेशातून येणाऱ्या पाकिटांच्या वाटपासाठी मिळणाऱ्या मोबदल्याचे दर बदलावेत. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हातील विशेष अधिवेशनात तोडगा निघाला आणि १८७४ पासून चालत आलेली ती संघटना अखंड राहिली. दबाव टाकणारा देश एकच, निकाल लागला ते वर्षही एकच. मागणी स्पष्ट होती तिथे सुधारणा झाली, ती संदिग्ध होती तिथे संस्था ठप्प झाली.

निश्चित मागणीसाठी आज सर्वांत योग्य जागा सरचिटणीसांच्या निवडीची आहे. अँतोनिओ गुटेरेस यांची दुसरी मुदत ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपते. सनदेच्या कलम ९७ मध्ये एवढेच म्हटले आहे की, सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवरून आमसभा ही नेमणूक करते. शिफारस एकाच नावाची असावी, मुदत पाच वर्षांची आणि ती आणखी पाच वर्षे वाढवता यावी, हे सनदेत कुठेही नाही. ते जानेवारी १९४६ मधील आमसभेच्या एका ठरावातून आलेले आहे. तो ठराव झाला तेव्हा आजच्या सदस्यांपैकी बहुसंख्य देश संघटनेत नव्हते. २०१५ मध्ये नागरी संघटनांनी बरीच वर्षे लावून धरल्यावर आमसभेने उमेदवारांची नावे आणि परिचय जाहीर करण्याचे ठरवले आणि २०१६ मध्ये उमेदवारांना प्रथमच सर्व सदस्यांपुढे जाहीर प्रश्नोत्तरांना सामोरे जावे लागले. त्यापुढची पायरी उघड आहे: परिषदेने एकाहून अधिक नावे पाठवावीत, आणि दुसऱ्या मुदतीसाठी बड्या राष्ट्रांची मर्जी सांभाळण्याची वेळ येऊ नये म्हणून सरचिटणीसाला सात वर्षांची एकच मुदत द्यावी. आठ दशकांत या पदावर एकही स्त्री आलेली नाही; बंद दाराआड एकाच नावावर तडजोड होत असेल तोवर हे बदलण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. शिफारशीत किती नावे असावीत याविषयी परिषद आमसभेचे ऐकेलच असे नाही, परंतु १९४६ चा आपलाच सल्ला मागे घेण्यापासून आणि मुदतीचा नियम बदलण्यापासून आमसभेला कोणताही नकाराधिकार अडवू शकत नाही. तिथे प्रत्येक देशाला एक मत आहे. ते मत कोणत्या बाजूने पडणार, हे प्रत्येक देशाच्या परराष्ट्र मंत्रालयात ठरते, आणि ते विचारण्याचा हक्क त्या देशाच्या नागरिकांना आजही आहे.